पिवळी खूण

जुना कॉम्प्युटर पुसून नव्याने मांडायचा असेल, तर आधी त्याचे सगळे ड्रायव्हर गोळा करावेत आणि मगच त्याला हात लावावा, हा धाकटीचा नियम होता. ड्रायव्हर म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. कॉम्प्युटरच्या पोटात ज्या वस्तू बसवलेल्या असतात, त्या एकेकीशी कसं बोलायचं हे त्याला शिकवणारा तो एक छोटा प्रोग्राम. तो नसला की आवाजाचं कार्ड जागेवर असून मुकं राहतं, प्रिंटर समोर असून कागद ओढत नाही, आणि यादीत त्या वस्तूच्या नावापुढे एक पिवळी खूण उगवते. मग गिऱ्हाईक कमरेवर हात ठेवून म्हणतं, "आधी तर चालत होतं!" हे वाक्य ऐकलं की धाकटीच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. म्हणून ती आधी वहीत प्रत्येक वस्तूचा नंबर उतरवून घ्यायची, एकेकाचा ड्रायव्हर शोधून पेनड्राइव्हवर ठेवायची, आणि वहीतल्या सगळ्या ओळींपुढे टिक झाल्याशिवाय जुनं काही पुसायची नाही.

हा नियम तिला कुणी शिकवला नव्हता. दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसा तो आला होता. तोंड भाजलं होतं सहा वर्षांपूर्वी, बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. नवं नवं दुकान, नवी नवी बढाई, आणि काम मिळवून दिलं होतं दाजींनी, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने. दाजी तिथे मशीनरूम सांभाळत.

ती मशीनरूम काय चीज आहे ते सांगायला हवं. बटाटे गार ठेवायला तिथे अमोनिया नावाचा वायू पाइपांतून फिरवतात. पाइपात आहे तोवर तो गुणाचा. बाहेर आला की डोळे, घसा, छाती, वाटेत जे सापडेल ते भाजून काढतो. म्हणून मशीनरूमच्या भिंतींवर चार ठिकाणी वायू ओळखणारे सेन्सर बसवलेले. त्यांच्या तारा ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या एका कार्डात येतात, आणि पडद्यावर हवेत वायू किती आहे याचा एक मोठा आकडा दिसतो. पंचवीसच्या आत असला तर निवांत बसा. पस्तीसला भोंगा. तीनशेला चपला न शोधता पळा.

सहा वर्षांपूर्वी धाकटीने तो कॉम्प्युटर आधी पुसला आणि ड्रायव्हर नंतर शोधायला बसली. बाकी सगळं मिळालं, त्या कार्डाचा ड्रायव्हर मिळेना. ते बनवणारी कंपनी बंद पडलेली. तीन दिवस तिने इंटरनेट पालथं घातलं आणि चौथ्या दिवशी मॅनेजरच्या कपाटातच त्या कार्डाची सीडी निघाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सीडीत दोन फोल्डर होते. पहिल्यातला ड्रायव्हर काही केल्या बसेना. मॅनेजर मागे उभा राहून घड्याळ बघत होता, दाजी दारात उभे राहून तिची लाज राखायला उगाच हसत होते. दुसऱ्या फोल्डरमधला मात्र एका दमात बसला. पिवळी खूण गेली, पडद्यावर आकडा आला, सहा. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून धाकटीने सुटकेचा निःश्वास सोडला, आणि पुढे कानाला खडा लावला.

आता सहा वर्षांनी तो कॉम्प्युटर पुन्हा धापा टाकायला लागला होता. दिवसातून चारदा अडकायचा. मॅनेजरने निरोप धाडला, उद्यापासून मालाच्या गाड्या लागणार आहेत, आज या आणि काय ते एकदाच करून टाका.

निघायच्या आधी ताईचा फोन आला.

"आज तिकडेच जातेयस ना? मग एक काम कर. ते मशीन नीट सांगतंय ना, तेवढं बघ."

"का गं?"

"हे रात्रभर खोकतात. डॉक्टर म्हणतो, हे गॅसचं काम सोडा. हे म्हणतात, आकडा कधी नऊच्या वर गेला नाही, डॉक्टरला काय कळतंय. मी कुणाचं ऐकू?"

"ताई, ते मशीन मी स्वतः बसवलंय."

"म्हणून तर मी गप्प आहे," ताई म्हणाली. "नाहीतर कधीच घरी बसवलं असतं त्यांना."

दाजी फाटकापाशीच भेटले. डोळे लाल, मफलर गळ्याला, आणि चेहऱ्यावर जावयाला शोभेल असा रुबाब. ऑफिसकडे जायचा जवळचा रस्ता मशीनरूममधून होता. दार उघडलं आणि धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणीच आलं. नाकात कुणीतरी सुई घालावी तसं झालं. ती ओढणी तोंडावर धरून धावतच पलीकडे गेली.

"दाजी, केवढा वास आहे हा!"

"कसला वास?" दाजी आरामात चालत आले. "तू बाहेरची, तुला लागणारच. आमचं नाक कधीच मेलंय. म्हणून तर तो आकडा आहे. नाक फसवतं गं, आकडा नाही फसवत."

त्यांनी ऑफिसच्या काचेतून पडद्याकडे बोट दाखवलं. सहा. बघता बघता सात झाला, परत सहा.

"आणि अकराला बघ, नऊवर जाईल. दहा मिनिटं राहील, मग उतरेल. ऊन चढतं ना, मशीनवर भार येतो. नव्या माणसांना मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो, अकराच्या नवाला घाबरायचं नाही."

दाजी खोकत खोकत आत गेले. धाकटीच्या मनात पाल चुकचुकली. तिने तिला हाकललं आणि वही उघडली.

काम नेहमीसारखं सुरू झालं. यादी उघडली, एकेक नंबर उतरवला. नेटवर्कचा ड्रायव्हर मिळाला, पडद्याचा मिळाला, आवाजाचा एका आडबाजूच्या साइटवर मिळाला. मदरबोर्डचाही मिळाला, आणि त्याच्या सोबतच्या कागदात लिहिलं होतं की हा सगळ्यात आधी घालावा, नाहीतर जुनी कार्डं ओळखली जाणार नाहीत. हे तिला आता झोपेतही ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी ठाऊक नव्हतं. ती थबकली. म्हणजे तेव्हा पहिल्या फोल्डरमधला ड्रायव्हर बसेना, तो सीडीचा दोष नव्हता. आधी मदरबोर्डचा घालायला हवा होता, तो तिने घातलाच नव्हता.

मग दुसऱ्या फोल्डरमधला कसा बसला?

हा प्रश्न तिने सहा वर्षांत स्वतःला विचारला नव्हता. तिच्या धंद्यात तो कुणीच विचारत नाही. पिवळी खूण आहे म्हणजे काम बाकी आहे, पिवळी खूण गेली म्हणजे काम झालं, पिशवी उचला आणि निघा.

तिने यादीत त्या कार्डावर जाऊन ड्रायव्हरची माहिती उघडली. फाइलचं नाव, तारीख, आणि खाली कंपनीने लिहिलेली एक ओळ. त्या ओळीचा अर्थ एवढाच होता, की हा ड्रायव्हर नवी माणसं शिकवायला आहे, कार्ड जोडलेलं नसतानाही नमुन्याचे आकडे दाखवतो.

धाकटीने ती ओळ तीनदा वाचली. मग तिने स्वतःची समजूत घातली, की कंपन्या वाट्टेल ते लिहून ठेवतात, एकाची माहिती दुसऱ्याला डकवतात. तिने जुनी नोंद उघडली. काल अकरा वाजून दहा मिनिटांनी नऊ. परवा अकरा वाजून दहा मिनिटांनी नऊ. मागच्या महिन्यात, मागच्या वर्षी, ऐन थंडीत, मशीन बंद ठेवून रंग दिला त्या आठवड्यात सुद्धा, अकरा वाजून दहा मिनिटांनी नऊ.

ती उठली, टेबलाच्या मागे गेली, गुडघ्यांवर बसली. कॉम्प्युटरच्या पाठीत सेन्सरच्या तारांचा जाड जुडगा खोचलेला होता. तिने दोन्ही बाजूंचे स्क्रू सैल केले आणि तो ओढून काढला. तारा तिच्या हातात होत्या. तिने मान वर करून पडद्याकडे पाहिलं.

सहाचा सात झाला. मग परत सहा.

तिच्या पायाखालची वाळू सरकली म्हणणं कमीच आहे. ती तशीच फरशीवर बसून राहिली. सहा वर्षं दर तासाला कुणीतरी तो आकडा रजिस्टरात लिहिलाय. तपासणीचे साहेब येऊन त्याखाली सही करून गेलेत. वेल्डर, रंगारी, पोती वाहणारे, सगळे हा आकडा बघून त्या खोलीत शिरलेत. आणि दाजी. मेलेल्या नाकाचे दाजी रोज आठ तास तिथे बसतात, या आकड्याच्या भरवशावर. ताई त्यांना पाठवते, धाकटीच्या भरवशावर.

घड्याळात साडेदहा झाले होते. खरं तर उठून ओरडायला हवं होतं. पण माणसाचं मन फार चलाख. ते धाकटीला म्हणालं, कोण जाणे, खरा आकडाही सहाच असेल. जास्त असता तर सगळेच खोकले असते, दाजी एकटेच का? ते सिगारेटी ओढायचे पूर्वी. तीन तासांचं तर काम आहे. नीट क्रमाने घाल, मदरबोर्डचा आधी, मग कार्डाचा खरा. एकदा खरा आकडा आला की कोण विचारतंय आधी काय होतं? झाकली मूठ सव्वा लाखाची.

तिने तारा परत जोडल्या, मॅनेजरकडून सीडी मागून घेतली, पहिला फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवला आणि वहीत शेवटच्या ओळीपुढे टिक केली. टिक वाकडी आली.

मॅनेजर म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारा गृहस्थ. मशीनरूममध्ये तो वर्षातून दोनदा जाई, तेही तपासणीच्या साहेबांच्या मागे. त्याने विचारलं, "किती वेळ आकडा बंद राहील?"

"तीन तास. साहेब, तोवर आत कुणाला पाठवू नका."

"नियमच आहे तो. आकडा नाही, माणूस नाही."

धाकटीला जरा धीर आला. नियम आहे म्हणजे झालंच. तिने जुनं सगळं पुसायला टाकलं. पडदा काळा झाला, मग निळा, आणि त्यावर टक्के मोजणारी पट्टी सरकायला लागली. मुंगीच्या पावलांनी.

दाजी चहा घेऊन आले. आकडा नाही म्हणून त्यांना सक्तीची सुट्टी होती. तिच्यासमोर स्टूल ओढून बसले.

"कशी चाललीय शस्त्रक्रिया?"

"बरी आहे."

"तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?" ते हसले, मग हसण्याचा खोकला झाला, आणि खोकला बराच वेळ थांबेना. कप टेबलावर ठेवून त्यांनी भिंतीला हात लावला. धाकटी बघत होती. तिच्या जिभेच्या टोकावर शब्द होते, दाजी, तो आकडा. दोनच शब्द पुढे टाकायचे होते. तेवढ्यात दाजींनी डोळे पुसले आणि म्हणाले, "तुला सांगतो, इथे सगळ्यांना मी अभिमानाने सांगतो, आमच्या मेव्हणीने बसवलंय हे. सहा वर्षांत एकदा चुकलं नाही."

तिने चहाचा घोट घेतला. कप खाली ठेवला.

"दाजी, डॉक्टर काय म्हणाला?"

"ताईने चहाड्या केल्या का? डॉक्टरला म्हटलं, रजिस्टर आणून दाखवू का? गप्प बसला." दाजी उठले. "पन्नास टक्के झालेत बघ. चल, मी बाहेर ऊन खातो."

ऊन खा, धाकटी मनात म्हणाली. उन्हात बसा, तिथून हलू नका. आणि तिने पुन्हा पट्टीकडे डोळे लावले.

सत्तर टक्क्यांना मशीनरूमकडून एक बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. चहाच्या किटलीसारखी. मॅनेजर खिडकीशी गेला, परत आला, फोन केला, परत खिडकीशी गेला. थोड्या वेळाने अंगणातून दाजींचा आवाज आला. "एका व्हॉल्व्हचं पॅकिंग ढिलं झालंय, साहेब. दोन आटे आवळले की बंद होईल."

"आकडा नाहीये अजून," मॅनेजर म्हणाला. पण 'अजून' असं म्हणाला, 'नको' असं म्हणाला नाही.

"सहा वर्षांत नऊच्या वर गेला नाही, आज तीन तासांत काय आभाळ कोसळणार आहे? तापमान चढलं तर माल जाईल. पाच मिनिटांत येतो."

धाकटी खुर्चीतून अर्धी उठली. "दाजी, थांबा ना! पंधरा मिनिटांत आकडा येतोय!"

"आला की सांग!" दाजींनी पाना खांद्यावर टाकला, आणि मशीनरूमचं दार त्यांच्यामागे लागलं.

एवढं सगळं होऊनही ती धावली नाही. ती खाली बसली. पंधरा मिनिटं, फक्त पंधरा मिनिटं, ती स्वतःला सांगत राहिली. नव्वद टक्के. पंच्याण्णव. कॉम्प्युटर बंद होऊन सुरू झाला. तिने मदरबोर्डचा ड्रायव्हर घातला. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. कार्डाचा ड्रायव्हर, पहिल्या फोल्डरमधला. या वेळी तो कुरकुरला नाही. यादीतली पिवळी खूण गेली.

तिने आकड्याचा प्रोग्राम उघडला.

दोनशे बारा.

भोंगा वाजला. तो दर महिन्याला बटण दाबून वाजवून बघत, त्यामुळे पोती रचणारी माणसं हातातलं काम न सोडता ओरडली, "आज टेस्ट आहे का?"

"काय वाट लावलीत हो!" मॅनेजर किंचाळला. "बंद करा ते! सहाचे दोनशे कसे झाले?"

"साहेब, माणसं बाहेर काढा. खरं आहे ते. सगळ्यांना फाटकाबाहेर काढा आणि फायर ब्रिगेडला फोन लावा."

तिचा चेहरा बघून मॅनेजरची पाचावर धारण बसली, आणि बिचारा पहिल्यांदाच सांगितलेलं करायला धावला. धाकटीने मशीनरूमचा फोन लावला. चौथ्या घंटीला दाजींनी उचलला. मागून शिट्टीचा आवाज इतका मोठा येत होता की त्यांना ओरडून बोलावं लागत होतं.

"भोंगा बंद कर गं, डोकं उठलं!"

"दाजी, आहात तसे बाहेर या. आकडा दोनशे बारा आहे."

"दोनशे बारा असता तर मी तुझ्याशी गप्पा मारत असतो का? डोळे चुरचुरतायत, ते रोजचंच. काहीतरी उलटसुलट झालंय तुझं. जुनं होतं तेच घाल परत. अर्धा आटा राहिलाय, येतोच."

"दाजी, ऐका. जुना आकडा खोटा होता."

"काय?"

"खोटा होता. शिकवायला दिलेला नमुना होता तो. सेन्सरशी त्याचा संबंधच नव्हता. चुकून मीच घातला होता, सहा वर्षांपूर्वी. तुमच्या खोलीत काय आहे ते आजवर कुणीच मोजलेलं नाही. आत्ता पहिल्यांदा मोजतंय. बाहेर या, दाजी, पाया पडते!"

दाजींनी फोन तोंडाशी अगदी जवळ धरला असावा. मग दाजींचा आवाज आला, हळू, जणू शेजारी बसून विचारतायत.

"तुला कधी कळलं?"

ती खोटं बोलू शकली असती. "साडेदहाला," ती म्हणाली.

"म्हणजे चहाच्या आधी."

"आधी."

पुढे ते काही बोलले की नाही ते तिला कधीच कळलं नाही. शिट्टीचा आवाज अचानक फाटला, लोखंडावर लोखंड आपटलं, आणि फोन खाली पडून लोंबकळत भिंतीवर ठोकर खात राहिला. पडद्यावर दोनशे बाराचे दोनशे ऐंशी झाले. मग चारशे दहा. मग सहाशे.

धाकटी धावली. मशीनरूमच्या दाराशेजारच्या पेटीत मास्क होता. सहा वर्षांत त्याची गरज पडली नव्हती, त्यामुळे तो कुणी बघितलाही नव्हता. तिने ओढला तसा त्याचा रबरी पट्टा भाकरीच्या तुकड्यासारखा हातात आला. तिने ओढणी नळाखाली भिजवली, तोंडाला गुंडाळली आणि दार उघडलं. आतून पांढरं काहीतरी अंगावर आलं. डोळे मिटून ती ओरडत राहिली, "दाजी, इकडे! आवाजाकडे या! इकडे!"

किती वेळ ओरडली कोण जाणे. घसा बसला तरी ओरडत होती. मग उंबऱ्यापाशी एक हात फरशी चाचपत आला, आणि तिने तो दोन्ही हातांनी धरून ओढला.

फायर ब्रिगेड येईपर्यंत तिने दाजींचं डोकं नळाखाली धरून ठेवलं. त्यांचे डोळे उघडत नव्हते. श्वास आत जाताना असा आवाज करत होता, की पोती वाहणारी दांडगी माणसंही तोंड फिरवून उभी राहिली.

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये ताई आली. एका पायात एक चप्पल, दुसऱ्यात दुसरीच. दाजींच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या, तोंडावर ऑक्सिजन. मॅनेजरने तिला दारातच गाठून सगळं सांगितलं होतं, त्याला जेवढं कळलं होतं तेवढं. तुमच्या बहिणीने आज नवं बसवलं नसतं तर भोंगा वाजलाच नसता, बाई. तिनेच त्यांना ओढून काढलं.

ताईने धाकटीचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला आणि सोडेचना. "तू होतीस म्हणून," ती म्हणत होती. "तू होतीस म्हणून आहेत हे." तिचे अश्रू धाकटीच्या मनगटावर पडत होते. धाकटीला वाटलं, आत्ता फरशी दुभंगली तर बरं.

दाजी जागे होते. ताईचं बोलणं त्यांना ऐकू जात होतं. पट्ट्या बांधलेलं तोंड त्यांनी धाकटीच्या बाजूला वळवलं आणि तसंच ठेवलं. त्यांना बोलता येत नव्हतं असं नाही, मघाशी त्यांनी नर्सकडे पाणी मागितलं होतं. पण ते बोलले नाहीत.

डॉक्टर आत आले. हातातला कागद बघत म्हणाले, "आजचा मार तर दिसतोच आहे. पण फुफ्फुसांच्या फोटोत जुनं बरंच दिसतंय. यांना हा वायू किती दिवस लागत होता? एकदम लागला की रोज थोडा थोडा? औषधाची दिशा त्यावर ठरणार आहे."

"नाही हो डॉक्टर," ताई म्हणाली. "आजच काय ते झालं. तिथे आकडा असतो, तो कधी नऊच्या वर गेलेला नाही. ही माझी बहीण, हिनेच बसवलंय ते. विचारा हिला."

डॉक्टरांनी धाकटीकडे पाहिलं. मॅनेजर दारात उभा होता. दाजींचा श्वास मास्कच्या आत घरघरत होता, आणि त्यांचं तोंड अजून तिच्याकडेच होतं. सकाळी तीन तास होते तिच्यापाशी. आता तेवढे नव्हते.

"सहा वर्षं," धाकटी म्हणाली. "रोज लागत होता, डॉक्टर. तो आकडा खोटा होता. मी चुकीचा बसवला होता. आणि आज सकाळी मला कळलं, तरी मी यांना आत जाऊ दिलं."

डॉक्टर कागदावर लिहायला लागले. ताईने आधी धाकटीकडे पाहिलं, मग दाजींकडे. मग तिने आपले दोन्ही हात काढून घेतले, खुर्ची पलंगाच्या पलीकडच्या बाजूला नेली आणि नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवून बसली.